दंडावरचा शुगर सेन्सर : लो शुगरवाल्याचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सेन्सर घ्यावा का म्हणून विचारणारे बहुतेक जण शुगर वाढते म्हणून विचारतात. मी घेतला तो शुगर उतरते म्हणून. त्यामुळं माझा अनुभव जरा वेगळा आहे आणि लांबलचकपण होणार आहे, आधीच सांगतो.

माझी कुंडली अशी की टाईप टू डायबेटिस, बरीच वर्षं झाली. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी, जेवणाबरोबर व्होग्लिबोज, रात्री झोपताना दिवसभर चालणारं इन्सुलिन. बेळगावच्या वडगावात आमचे माग आहेत, घराला लागूनच शेड. एचबीए१सी ६.४ आलेली, रिपोर्ट बघून घरातले खूश, फॅमिली डॉक्टर खूश, पेढे वाटायचेच बाकी होते, आणि इकडं मी पहाटे चारला घामानं भिजलेली गंजी बदलतोय. ते एचबीए१सी म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी, आणि सरासरीत दुपारचे २२० आणि पहाटेचे ५५ मिसळून गेले की आकडा एकदम गोंडस दिसतो. हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं, सेन्सरचा आलेख बघितला तेव्हा कळलं.

लो म्हणजे काय तर ७० च्या खाली आलं की लो, ५४ च्या खाली गेलं की गंभीर, तिथं मेंदूलाच साखर कमी पडायला लागते. पुस्तकात लिहितात थरथर, धडधड, घाम, भूक. माझं लक्षण कुठल्या पुस्तकात नाही. मागावर ताण्याचा धागा तुटला की गाठ मारून जोडायची असते, ती गाठ मी डोळे मिटून मारतो, आणि लो असलो की तीच बसत नाही. धागा बोटातून सुटतो, परत धरतो, परत सुटतो. एकदा शेडमधला पोरगा बाजूला येऊन म्हणाला, मामा, मघापासून एकच धागा धरलाय तुम्ही. मी त्याच्यावरच खेकसलो. हे खेकसणं दुसरं लक्षण. मिसेसला आता इतकं पाठ झालंय की मी विनाकारण आवाज चढवला की ती म्हणते, "आधी ग्लुकोज घ्या, मग भांडा." अजून एक, बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर दबून जाते, घाम तेवढा येतो, तेव्हा अशा लोकांनी घामाकडं लक्ष ठेवा.

आता मुद्द्यावर. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढं तक्रारीपण आहेत. दंडाच्या मागच्या बाजूला लावायचा, दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा जरा मोठा, १४ दिवस चालतो. लावताना टक्क आवाज येतो, दुखत नाही म्हटलं तरी चालेल. मी असा घेतला की जो स्वतःहून अलार्म देतो. आधीच्या काही मॉडेलना मोबाईल जवळ नेऊन स्कॅन करावं लागायचं, लोवाल्याला त्याचा काय उपयोग, झोपेत कोण स्कॅन करणार. अलार्म मी ८० ला लावलाय, ७० ला नाही, कारण हा सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही, तो कातडीखाली पेशींच्या मधे असलेल्या पाण्यातली मोजतो आणि ती रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागं असते. शुगर भराभरा पडत असेल तर सेन्सर ८२ दाखवेपर्यंत बोट टोचून ग्लुकोमीटरवर ६६ निघतं. म्हणून आकड्यापेक्षा त्याच्या शेजारचा बाण बघा, शुगर वर चाललीय की खाली ते तो दाखवतो. ९५ आणि बाण सरळ खाली असेल तर ती लोच समजायची.

हीच गोष्ट उलटीपण होते आणि ती जास्त घोटाळ्याची. लो झाली, ग्लुकोज घेतलं, बोटातून ९० आलं, सेन्सर मात्र अजून ६० वरच अडून बसलाय आणि बोंबलतोय. नवीन माणूस घाबरून परत ग्लुकोज, वर दोन केळी, वर चहा, आणि तासाभरानं २८०. लो झाल्यावर खात्री बोटाच्या पट्टीनंच करायची, म्हणजे सेन्सर घेतला म्हणून ग्लुकोमीटर कपाटात टाकता येत नाही, तो खर्च चालूच.

रात्रीचं सांगतो. पहिल्या काही रात्री अलार्मनं घर डोक्यावर घेतलं. निम्मे खरे, निम्मे खोटे. त्याच कुशीवर झोपलं की दंड दाबला जातो, तिथलं रक्त कमी पडतं आणि सेन्सर ५० दाखवतो, कूस बदलली की थोड्या वेळात परत ११०. पहिला दिवसभरपण आकडे जरा इकडंतिकडं असतात. मी आता सेन्सर डाव्या दंडाला लावतो आणि उजव्या कुशीवर झोपतो, खोटे अलार्म बरेच कमी झाले. पण खरे जे होते ते ऐन साडेतीन-चारचे, रोजच्या रोज, आणि ते बघून माझी झोप उडाली ती वेगळीच.

शेडमध्ये मात्र अलार्मचा काही उपयोग नाही. माग चालू असताना शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं मोबाईलची पिपाणी कोण ऐकतो. व्हायब्रेटवर ठेवून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला तर कळतं, पण माग हादरतो तेव्हा सगळंच व्हायब्रेट होतंय असं वाटतं. शेवटी मनगटावरचा स्वस्तातला बँड घेतला, नोटिफिकेशन आलं की तो थरथरतो. मोबाईल घरात ठेवून शेडच्या टोकाला गेलो की सिग्नल तुटतो, वीस-तीस फुटांच्या पलीकडं भरवसा नाही. पोराच्या मोबाईलवर माझे आकडे जातात ती सोय चांगली आहे, तो पुण्याला असतो आणि तिथून फोन करून "बाबा, ७४ आहे, काय खाल्लंय?" विचारतो. चांगली म्हणतोय खरा, कधी कधी वैतागपण येतो.

सेन्सर नुसतं सांगतो, शुगर वर आणत नाही. ते काम खिशातल्या पुडीचं. नियम साधा आहे, १५ ग्रॅम पटकन चढणारी साखर, १५ मिनिटं थांबायचं, परत तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर परत १५ ग्रॅम. वर आली आणि जेवणाला अजून वेळ असेल तर मग भाकरी नाहीतर बिस्किटं. १५ ग्रॅम म्हणजे ग्लुकोज पावडरचे साधारण तीन चमचे. लो असताना चमचे मोजायचं भान नसतं म्हणून मी छोट्या काट्यावर वजन करून पुड्या बांधून ठेवल्यात, एक शर्टात, एक गाडीच्या डिकीत, एक उशाशी, एक शेडमध्ये कांड्यांच्या पेटीवर.

इथं बेळगावकरांसाठी खास. लो झालं की आपल्याकडं सगळ्यात आधी कोणतरी कुंदा पुढं करतं. कुंदा म्हणजे आटवलेलं दूध आणि तूप, त्यातल्या फॅटमुळं साखर सावकाश चढते. गोकाकच्या करदंटाचं तेच, चॉकलेटचं तेच. चवीला खा, लोला नको. आणि ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे त्यांनी तर नीट वाचा, ही औषधं साखर फोडणारं आतड्यातलं काम मंदावतात, त्यामुळं घरातली साखर, गूळ, उसाचा रस लवकर लागूच पडत नाही. तयार ग्लुकोजच पाहिजे. मी साखर खाऊन अर्धा अर्धा तास थरथरत बसायचो त्याचं कारण हे होतं. ग्लुकोज पावडरच्या ऑरेंज फ्लेवरच्या डब्यांत बऱ्याचदा साखर मिसळलेली असते, लेबल वाचून साधा डबा घ्या. ओआरएसपण नको, डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे ग्लासभर पिऊन पोटात तीन ग्रॅमसुद्धा जात नाही. मेडिकलवाला मात्र लो म्हटलं की तेच हातात देतो.

माणूस बेशुद्ध असेल, गिळत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, पाणीपण नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८. हे मिसेसला आणि शेडमधल्या दोघांना सांगून ठेवलंय.

एक प्रसंग सांगतो. सूत बघायला इचलकरंजीला निघालो होतो, सकाळची गोळी घेतलेली, निपाणीत उतरून जेवायचा बेत. हायवेला काम चाललेलं, बस ट्राफिकमध्ये अडकली ती हलेना. ९२ आणि बाण खाली. पुडी फोडून तोंडात टाकली, पांढरी पावडर मिशीला. कंडक्टर संशयानं बघतोय, "एनाय्तु री?" म्हणजे काय झालं. म्हटलं, "शुगर कम्मी आगैत्री", शुगर कमी झालीय. लगेच पुढच्या सीटवरच्या बाईला उठवून मला खिडकी दिली, स्वतःची पाण्याची बाटली दिली. सेन्सर नसता तर घाम येईपर्यंत मला कळलंच नसतं. तेव्हापासून पाकिटात एक कार्ड ठेवलंय, मराठी आणि कन्नड दोन्हीत, मला डायबेटिस आहे, गोंधळल्यासारखा वाटलो तर ग्लुकोज द्या, घरचा नंबर. आपल्या भागात कोण कुठल्या भाषेतला भेटेल सांगता येत नाही. गोव्याला जाऊन "बसणाऱ्यांनी" तर हे कार्ड ठेवाच, दारूनं लिव्हर साखर सोडायचं काम कमी करतं, लो काही तासांनी येते, आणि तोपर्यंत आजूबाजूचे म्हणतात, जास्त झालीय, झोपू दे.

पैसे कुठं वसूल झाले तर डॉक्टरांकडं. "पहाटे बरं वाटत नाही" असं मी आधी कितीदा सांगितलं, उत्तर एकच, झोपताना दूध प्या. या वेळी दुसऱ्या डॉक्टरांना ॲपमधला रिपोर्ट दाखवला. त्यात एक आकडा असतो, ७० च्या खाली किती टक्के वेळ गेला. तो साधारण ४ टक्क्यांच्या आत पाहिजे, म्हातारी माणसं असतील तर १ च्या आत. माझा ९ होता. डॉक्टरांनी दोन मिनिटं आलेख बघितला, ग्लिमेपिराइड आधी निम्मी केली, मग बंद, इन्सुलिन चार युनिटनी खाली. ही गोळी पोटात काही नसलं तरी इन्सुलिन सोडायला लावते, आणि किडनी जरा कमजोर असली तर शरीरात रेंगाळते, म्हणून तिची लो एकदा वर आणली तरी परत येऊ शकते, दिवसभर लक्ष ठेवावं लागतं. संकष्टीला मी ती घेऊन चंद्रोदयापर्यंत साबुदाण्यावर बसायचो, आता उपासाच्या आधी डॉक्टरांना विचारतो. डोस बदलायचा तो त्यांनीच, आलेख बघून घरच्या घरी गोळ्या बंद करणारे मी बघितलेत.

गोळी बंद झाल्यावर पहाटेचे अलार्म थांबलेच. अजून एक फरक पडला तो मला अपेक्षित नव्हता. सारख्या लो होत राहिल्या की शरीर इशारा देणंच सोडतं, मी ५५ वर आरामात गप्पा मारत असायचो. काही आठवडे लो टाळल्यावर इशारे परत आले, आता ७० च्या आसपासच गाठ चुकायला लागते. एचबीए१सी ७ च्या जरा वर गेलीय, डॉक्टर म्हणाले चालेल, मलापण चालते. एकच कोडं राहिलं होतं, रविवारी राजहंसगड चढून आलो की रात्री अलार्म. चालण्या-चढण्याचा परिणाम पुढं चोवीस तासांपर्यंत टिकतो, त्या रात्री झोपताना १०० च्या खाली असेल तर थोडं खाऊन झोपतो. आणि ९० च्या खाली असलो तर गाडीला किक मारत नाही.

तक्रारी. एक सेन्सर पाच हजारांच्या आसपास, महिन्याला दोन, मागवाल्याच्या खिशाला हे कायमचं झेपत नाही. चौकटीला दंड घासला की निघतो, माझा एक असाच दोन दिवसांत गेला. पावसाळ्यात घाम आणि दमटपणानं कडेची चिकटपट्टी सुटते, वरून मेडिकल टेप मारावी लागते. एक सेन्सर मधेच बंद पडला, कस्टमर केअरला फोन करून बदलून मिळाला, पण नंबर, फोटो, तारीख, सगळं परत परत सांगून. सर्दी झाली म्हणून व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चघळणाऱ्यांनी सांभाळा, दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की काही सेन्सर खोटा जास्त आकडा दाखवतात, लोवाल्याला तो खोटा दिलासा महागात पडेल.

माझं मत विचाराल तर इन्सुलिनवर असाल, रात्री लो होत असेल, किंवा लो कळतच नसेल, तर घ्याच. नुसती मेटफॉर्मिन चालू असणाऱ्यानं यात पैसे घालायची गरज मला दिसत नाही, तिच्या एकटीनं सहसा लो होत नाही. मी आता बारा महिने लावत नाही, डोस बदलला की एक जोडी लावतो, डॉक्टरांना रिपोर्ट दाखवतो, बाकीचे दिवस पट्टी आणि पुड्या. घेताना आपला मोबाईल ॲपच्या यादीत आहे का ते आधी बघा, खोक्यावरची एक्सपायरी बघा, आणि पहिला सेन्सर लावाल त्या दिवशी प्रवास ठेवू नका.