टेस्ट-रायडिंग क्लिनिक: गुणांसोबत कारणही कळतं

या क्लिनिकमध्ये स्वाराच्या प्रत्येक हालचालीला परीक्षकाने 0 ते 10 गुण द्यायचे आणि प्रशिक्षकाने तिथल्या तिथे दुरुस्ती करून घ्यायची, ही पद्धत ड्रेसाजसाठी, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली अचूक करून घेण्याच्या क्रीडाप्रकारासाठी, फार मोलाची आहे. शोल्डर-इनचंच घ्या, म्हणजे घोड्याचे खांदे भिंतीपासून थोडे आत आणून त्याला भिंतीलगत पुढे चालवणं. 5 गुण का? स्वार आतला लगाम ओढतो, घोड्याची मान तेवढी वळते, खांदे मात्र भिंतीलगतच राहतात. त्यावर इथला उपाय असा: आधी 10 मीटरचं वर्तुळ, वर्तुळात आलेला शरीराचा तोच बाक ठेवून खांदे आत, मग आतल्या पायाने घोडा बाहेरच्या लगामाकडे ढकलायचा. भिंतीशी कोन साधारण 30 अंश. समोरून पावलांच्या तीन रेषा दिसायला हव्यात. ताल बिघडला तर कोन लगेच कमी करायला लावतात, आणि तेच योग्य. हॉल्टचा, म्हणजे घोडा पूर्ण थांबवण्याचा, भाग मात्र घाईत उरकतात. मागचे पाय पुढच्या पायांसोबत चौकोनात येईपर्यंत थांबायला हवं.