चार ड्रायव्हर सांगून एक विकला: जुने इन-इअर घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

गाणारे स्टेजवर कानात घालतात त्या इन-इअरचा जुना संच, चार ड्रायव्हरांचा, म्हणजे कानागणिक चार इवल्या स्पीकरांचा: १८,५०० रुपये. त्यातले ३,००० टोकन म्हणून यूपीआयवर, उरलेले १५,५०० रोख. एवढे मोजून हातात काय आलं? प्रत्येक कानात एक स्वस्तातला डायनॅमिक (पातळ पडद्याचा) ड्रायव्हर, त्याच्यामागे नुसते चिकटवलेले चार धातूचे डबे, आणि चेनची काळी केस. केस चांगली आहे, ते कबूल करायला हवं.

जुन्या सामानाच्या बाजारात काय काय चालतं ते वाचणाऱ्यांना माहीत आहे. माणूस परदेशी चाललेला असतो, बिल सापडत नसतं, भेटायचं गोव्यातल्या म्हापशाच्या बसस्टँडजवळ, तेही शुक्रवारी. आणि भाव? नवा संच ४२,०००ला. वापरलेल्याचे त्याने २४,००० सांगितले, १८,५००वर आला. पाच हजारात देतो म्हणाला असता तर कोणीही ओळखलं असतं. निम्म्याच्या आतबाहेरचा भाव आपल्याकडे रोजचाच आहे, म्हणून तर संशय येत नाही. ‘एवढं स्वस्त कसं मिळेल, विचार नको का करायला’ म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा.

खरी चीड आहे ती एका ‘कट्’ आवाजाची. संचाची उजवी बाजू कानात बसवताना आत बारीक ‘कट्-कट्’ झालं, आपण प्लास्टिकची बाटली दाबतो तसं. विकणारा लगेच म्हणाला, “पात्रांव, सील बसता तेन्ना असोच आवाज येता.” अर्धं खरं होतं, म्हणूनच पचलं. टिप (कानात जाणारं रबर वा फोमचं टोक) घट्ट बसली की कानात हवा कोंडते, कानाच्या पडद्यावर दाब येतो, दडा बसल्यासारखं वाटतं. पण तो नुसता दाब. कट् आवाज येतो तो डायनॅमिक ड्रायव्हरचा पातळ पडदा त्या दाबाने आत-बाहेर वाकतो तेव्हा. संच होता चार बॅलन्स्ड आर्मेचरचा, म्हणजे बंद धातूच्या डबीत हलणारी इवलीशी पट्टी. तिथे असा आवाज यायचं कारणच नाही. (आर्मेचर आणि डायनॅमिक मिसळलेल्या हायब्रिड संचात एक डायनॅमिक असतोच, त्यात आला तर घाबरू नका.) शेलच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, आतल्या बाजूला सुईच्या टोकाएवढं भोकही होतं. ते डायनॅमिकला श्वास घ्यायला ठेवतात. निव्वळ आर्मेचरच्या संचात असं भोक दिसलं की कंपनीच्या फोटोशी ताडून बघायचं. कान सांगत होता, डोळ्यांना दिसत होतं. पण शुक्रवारच्या बाजाराचा गलका, कंडक्टरांची ओरड, वर विकणाऱ्याची घाई. अशात तो कट् कोण तोलून बघणार? जागा त्यानेच निवडली होती, ती उगाच नव्हे.

धुरकट शेलमधून चार डबे नीट दिसत होते, त्यांच्या केसाएवढ्या तारासुद्धा. त्या कशालाच जोडलेल्या नव्हत्या, हे नंतर कळलं. दिसले म्हणजे वाजतात असं नसतं.

ऐकवायला त्याचा फोन, त्याची गाणी. दुसऱ्याच्या फोनवर कधीही पारखू नका. आत इक्वलायझर लावलेला असतो, आवाज दोन पायऱ्या वर असतो, आणि जरा मोठं वाजलेलं कोणालाही जास्त चांगलंच वाटतं. आपला फोन न्या, सगळी ‘सुधारणा’ बंद करा, पूर्ण ओळखीची ध्वनिमुद्रणं ठेवा. मी म्हणेन नुसता तंबोरा ठेवा. जवारीचे, म्हणजे तारेच्या झंकारातले, वरचे सूर सुटे सुटे ऐकू यायला हवेत. भुसभुशीत गुंजन ऐकू आलं तर तो संच गाणाऱ्याच्या कामाचा नाही. मग तबला: बायाची घुमक आणि दायाची किनार एकमेकांवर चढता कामा नये. शेवटी मधोमध रेकॉर्ड झालेला एकटा गळा. तो डोक्याच्या बरोबर मध्ये यायला हवा. सूर वर जाताना एका बाजूला सरकला तर दोन्ही कान जुळलेले नाहीत. मधे ठरतच नसेल, पसरट वाटत असेल आणि खर्ज पातळ असेल तर एका बाजूची जोडणी उलटी आहे.

एका बाजूला आवाज कमी? आधी केबलचे डावे-उजवे टोक अदलाबदल करून बघा. दोष केबलबरोबर सरकला तर केबल गेली, काही शेकड्यांत भागतं. कानाबरोबर राहिला तर नॉझलची (टिप चढते त्या नळीची) जाळी मळाने तुंबलेली असेल किंवा ड्रायव्हर गेलेला. आपल्याकडच्या पावसाळ्यात घाम आणि दमट हवेने केबल जोडायच्या जागा, म्हणजे एमएमसीएक्सची खाच किंवा ०.७८ मिलिमीटरच्या पिना, हिरवट पडतात, हात लावला की खरखर सुरू होते. सिलिका जेलच्या पुड्या केसमध्ये न ठेवणाऱ्याचा जुना माल घेऊच नये.

सगळ्यात खात्रीची परीक्षा दोन रेझिस्टरांची. ३३ ओहमचे दोन, एक डाव्या, एक उजव्या सिग्नलच्या तारेत. ग्राउंड आहे तसाच. आर्मेचरचा रोध स्वरागणिक बदलतो. अनेक आर्मेचर असतील तर बहुधा फारच. म्हणून मध्ये रेझिस्टर आला की नुसता आवाज उतरत नाही, नादच बदलतो: वरचे सूर पुढे येतात किंवा खर्ज सरकतो. एकट्या डायनॅमिकचा रोध जवळजवळ सपाट, त्यामुळे आवाज उतरतो, नाद तोच. माझ्या संचाचा नाद हलला नाही. मल्टिमीटरने दोन्ही बाजूंना १६ ओहम दाखवले, कंपनीच्या कागदावर १ किलोहर्ट्झला २२. पण एवढ्यावर बोंब मारू नका. मीटर डीसी मोजतो, क्रॉसओव्हर (ड्रायव्हरांत सूर वाटून देणारं सर्किट) असला की आकडा जुळतोच असं नाही. मग कारागिराने ६०० रुपये घेऊन शेल उघडला, आणि डबे नुसते चिकटवलेले निघाले. म्हणजे एकूण १९,१००.

बसण्याबद्दल. नवं असो की जुनं, टिप चुकली की पारखणंच फुकट. ५० हर्ट्झ आणि ५०० हर्ट्झचे सूर पाळीपाळीने वाजवा. ५० जवळजवळ गायब असेल तर गळती आहे, टिप बदला. बहुतेकांचे दोन्ही कान सारखे नसतात. डाव्याला मध्यम, उजव्याला मोठी, यात लाज नाही. दुसऱ्या बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा, मग टिप आत. फोम असेल तर चिमटीत वळून आत घालायचा आणि फुगेपर्यंत, अर्धा मिनिट, बोटाने धरायचा. नंतर जबडा पूर्ण उघडून ‘आ’ लावा. बसून ऐकताना छान आणि तान घेताना खर्ज गळतो, ही गाणाऱ्यांची नेहमीची तक्रार. आपल्या कानाच्या मापाच्या, म्हणजे कस्टम, संचासाठी साचा घेतानासुद्धा तोंड उघडं ठेवूनच घ्यायला लावा. (दुसऱ्याचा कस्टम संच स्वस्तात मिळतोय म्हणून घेणारे भेटतात. तो दुसऱ्याच्या कानाच्या मापाचा असतो, री-शेल केल्याशिवाय, म्हणजे शेल नव्याने बनवल्याशिवाय, चालत नाही, त्याचा खर्च वेगळा.) टिपेचं भोक नॉझलच्या मापाचंच हवं. सैल असली तर संच बाहेर, टिप कानात.

‘स’ टोचतो म्हणून संचाला लगेच नावं ठेवू नका. टिप किती आत गेली त्यावर ८ किलोहर्ट्झच्या आसपासचा उंचवटा सरकतो. थोडं आत ढकलून पुन्हा ऐका. आणि सील नसताना कमरेच्या बेल्टपॅकचा (इन-इअरला आवाज पुरवणाऱ्या डबीचा) आवाज वाढवत बसू नका: ८५ डेसिबल आठ तास, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असा हिशोब आहे. जत्रेचं नाटक रात्रभर चालतं.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: “आवाज येतोय ना?” येतोय. “मग फसवलं कुठे?” चार ड्रायव्हर सांगून एक दिला, हे समजावायला उघडलेला शेल टेबलावर ठेवला, तर ‘हे तुम्हीच उघडलंत’ असं ऐकायला मिळालं. व्यवहार जिथे झाला तिथे जा; तिथे गेलं की राहता तिथे जा. अहो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावी लागते! आणि फसवून माल वा पैसे काढून घेणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४)मध्ये येतं, सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. हे सांगितलं तर ‘वकील आहात का?’ १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्यांनी सांगितलं, वस्तू मिळालीय, म्हणजे सायबर फसवणूक नव्हे. बँक म्हणते, पिन तुम्हीच घातला. टोकन गेलं ते खातं भलत्याच नावाचं होतं, त्याची विचारपूस करायलाही कोणाला वेळ नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर कळलं की ग्राहक कायदा २०१९ धंदा करणाऱ्याविरुद्ध चालतो, घरची वस्तू विकणाऱ्याविरुद्ध नाही. आणि हा तर म्हणे ‘घरचीच’ विकत होता! म्हणून दुकानातून घ्या, जुनं असलं तरी बिल मागा. मग ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात शुल्कही लागत नाही. ठाण्यात घेत नसतील तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, पावती जपा. त्याच कलमात ती सोय आहे. माझी गेली आहे. उत्तर यायचं आहे.

रोख मागितली की थांबा. ‘यूपीआयची मर्यादा संपली’ हे त्याचं वाक्य होतं. संपली असेल तर उद्या या म्हणावं. चॅट पुसू नका, त्याने पुसायच्या आत स्क्रीनशॉट घ्या. विकणाऱ्याचं नाव आणि खात्याचं नाव वेगळं दिसलं तर एक रुपयाही टाकू नका.

चवथ (गणेश चतुर्थी) आली की असले संच पुन्हा बाजारात येतील. माझ्याकडच्या मालाच्या खुणा: धुरकट राखाडी शेल, डाव्या बाजूचा क्रमांक कोरलेला नाही तर छापलेला, नखाने खरवडला की निघतो. आतल्या बाजूला ते भोक. जाळी किंचित तिरकी बसवलेली, कडेला वाळलेला गोंद. आणि कानात घालताना कट्.