बोट मुंबईत, घर नागपुरात: डिझेल इंजिन की विजेची मोटर?

आम्ही तिघांनी मिळून घेतलेली २६ फुटी शिडाची बोट मुंबई बंदरात मूरिंगवर, म्हणजे तळाशी नांगरलेल्या तरंगत्या बोयाला बांधलेली असते. तीन-चार आठवड्यांतून एकदा संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस पकडायची, सकाळी बोटीवर. मधल्या दिवसांत ती नुसती उभी. इंजिन बदलायचा विषय निघाला की सगळे आधी विचारतात, किती लांब जाता येईल? आपल्यासारख्या दुरून येणाऱ्यांनी मात्र या उभं राहण्याचा हिशेब आधी करावा.

उभ्या बोटीत डिझेल इंजिन खराब होत जातं. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी साचतं, त्यात जंतू वाढतात, फिल्टर तुंबतो. समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) कडक होऊन तुटतो. आमचा तुटला तेव्हा अख्खा शनिवार पंप उघडण्यात गेला. विजेच्या मोटरला टाकी नाही, फिल्टर नाही. उलट २०० वॅटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात रोज पाऊण युनिटच्या आसपास देतं, म्हणजे बॅटरीची वापरता येणारी ८ युनिट भरायला साधारण ११ दिवस. मूरिंगवर विजेचं कनेक्शन नसतं, तरी आपण इथे कामात असताना बॅटरी भरून राहते.

अंतराच्या बाबतीत डिझेल फार पुढे आहे. एका लिटरमधून बोट ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत अडीच-तीन युनिट पोचतात. ४८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी ९.६ युनिटांची, म्हणजे जेमतेम साडेतीन लिटर डिझेल. शिवाय वेग थोडा वाढवला तरी वीज कितीतरी जास्त जाते: आमच्या बोटीला ४ नॉटला (तासाला ४ सागरी मैल) दीड किलोवॅट पुरतात, साडेपाचला पाच लागतात. वापरता येणाऱ्या ८ युनिटांत सावकाश गेलं तर २१ सागरी मैल, घाई केली तर ९.

अलिबागकडचा मांडवा धक्का गेटवेपासून सातेक सागरी मैल. वारा पडलेला आणि समोरून २ नॉटचा प्रवाह असेल, तर ४ नॉटच्या चालीनं परतायला साडेतीन तास आणि सव्वापाच युनिट. जातानाही मोटरच चालवली असेल, तर बंदरात शिरताना बॅटरी संपलेली. डिझेलवाला अशा वेळी फक्त थ्रॉटल वाढवतो. मोटरवाल्यानं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहूनच निघायचं.

वजनात फारसा फरक पडत नाही. दिवे आणि रेडिओसाठी ४८ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लागतो. ४८ व्होल्टची जोडणी नागपुरातल्या ई-रिक्षाच्या मिस्त्रीला चांगली कळते, त्याच्याकडून समजून घ्या. पण खाऱ्या हवेत वायर कथिल चढवलेलीच हवी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. इथे पैसे वाचवू नका.

रत्नागिरी, गोवा गाठायचं असेल तर डिझेलच ठेवा. इंजिन धडधाकट असेल तरीही काढू नका. बंदरातल्या बंदरात शिडावर फिरणाऱ्याला मोटर पुरते. आमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) गेलंय. मेअखेर पावसाळ्यासाठी बोट वर काढू, तेव्हा ते उतरवणार आहोत.