लिउ वेई दी हुआंग वान : बरेच महिने घेतल्यानंतर, आणि दुकानदाराशी भांडण झाल्यानंतर

दुकानदाराने मला चुकीची बाटली दिली आणि परत घ्यायला साफ नकार दिला, म्हणून हे आत्ताच लिहायला बसले. लिउ वेई दी हुआंग वान या चिनी वनौषधींच्या गोळ्या यिन, म्हणजे अंगाला थंडावा आणि ओलावा देणारी बाजू, कमी पडली की देतात. इथे सिंगापूरला राहणाऱ्या माझ्या वयाच्या बायकांना हे बहुतेक ठाऊक असतं, त्यामुळे लांब प्रस्तावना करत नाही.

झालं असं की नेहमीच्या दुकानात नेहमीचं औषध मागितलं. बिलावर नाव बरोबर छापलं होतं. गोळ्या चावायच्या नसतात, कोमट पाण्याबरोबर गिळायच्या, त्यामुळे चवीवरून काही कळायचा प्रश्न नव्हता. पण दोन-तीन दिवसांत पोट सैल झालं, भूक गेली. बाटली नीट पाहिली तर ती झी बाय दी हुआंग वान निघाली. लेबलचा रंग तोच, आकार तोच, गोळ्या २००च. फक्त सुरुवातीची दोन चिनी अक्षरं वेगळी. परत घेऊन गेले तर गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "एकाच घराण्यातली औषधं आहेत, दोन्ही यिनसाठीच, उलट ही जास्त जोरदार आहे." शिवाय सील फोडलंय म्हणून पैसे नाहीत.

मला खरा राग आला तो या "एकाच घराण्यातली" या उत्तराचा. औषध विकणाऱ्याने हे बोलू नये. या औषधाचा सगळा इतिहासच दोन वनस्पती काढण्याचा आणि दोन घालण्याचा आहे. झांग झोंगजिंग या चीनच्या हान राजवटीतल्या वैद्याची आठ औषधांची मूळ गोळी होती. पुढे सोंग राजवटीत च्येन यी या मुलांच्या वैद्याने त्यातली दालचिनी आणि बचनागाच्या जातीचं मूळ, ही दोन उष्ण द्रव्यं काढून टाकली, कारण लहान मुलांच्या अंगात ऊब मुळातच पुरेशी असते असं त्याचं मत. उरली सहा. ज्या बाळांची टाळू वेळेवर भरत नाही, चेहऱ्यावर तेज नाही, अशांसाठी ती होती. १११९ साली त्याच्या औषधपाठांचा (औषधांच्या कृतींचा) ग्रंथ सिद्ध झाला, त्यात हा पाठ आहे. पुढे कोणीतरी त्या सहांत झी मू आणि हुआंग बाय ही दोन कडू, थंड द्रव्यं घातली आणि झी बाय तयार झाली. म्हणजे आठातून उष्ण दोन गेली आणि थंड दोन आली. अंगात दाह खूप वाढला असेल त्यांना ती देतात. माझ्यासारख्या नाजूक पचनाच्या बाईला ती न विचारता देणं म्हणजे पोट बिघडवणंच आहे.

आता माझ्या नेहमीच्या औषधाबद्दल. रात्री घामाने उशी भिजायची, तळपाय इतके जळायचे की फरशीवर टेकवून बसायचे, पहाटे तोंडाला कोरड. आधी साध्या डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड आणि साखर तपासून घेतली; साखर काठावर निघाली, बाकी ठीक. मग शेजारच्या चिनी आंटींनी त्यांच्या वैद्यबाईंकडे नेलं. इथे २००० च्या कायद्यापासून चिनी वैद्यांना नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे कोणाकडे जावं हे नीट बघता येतं. वैद्यबाईंनी जीभ पाहिली, लाल आणि जवळजवळ साय (वरचा पांढुरका थर) नसलेली. नाडी बारीक आणि जलद. किडनीचं यिन कमी पडलंय म्हणाल्या आणि हे औषध दिलं. आईने फोनवर शतावरी कल्प सुचवला होता. त्यातली साखर बघून मी तो बाजूला ठेवला.

पहिले काही आठवडे मी या औषधावर नाराज होते. पोट जड, जेवणानंतर ढेकर. वैद्यबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, हे दी हुआंग या मुळाचंच काम. सहांमध्ये सगळ्यात जास्त प्रमाण त्याचंच असतं: ते आठ भाग, शान झू यू (एक फळ) आणि शान याओ (एक कंद) चार-चार, उरलेली तीन द्रव्यं, फू लिंग, त्से श्ये आणि मू दान पी, तीन-तीन. दी हुआंगचं मूळ दारूत मुरवून वाफवून काळंभोर, चिकट करतात, आणि पचायला जड ते त्यामुळेच. खरं तर बाकीची योजना त्याचा जडपणा आवरायलाच आहे. फू लिंग आणि त्से श्ये पाणी बाहेर काढतात, मू दान पी उष्णता उतरवते. तीन भरणारी, तीन वाहून नेणारी. हे कळल्यावर माझं मत बदललं. वैद्यबाईंनी सुरुवातीला मात्रा निम्मी केली, रिकाम्या पोटाऐवजी जेवणानंतर घ्यायला सांगितली, आणि पोट शांत झालं.

पण एका गोष्टीबद्दल माझी तक्रार शेवटपर्यंत राहणार: आठ गोळ्या, दिवसातून तीनदा. २०० गोळ्यांच्या बाटलीत २५ मात्रा बसतात, म्हणजे बाटली आठ दिवसांत संपते आणि नवव्या दिवसाची सकाळ तेवढी उरते. मग पुन्हा दुकान. महिन्याला ७२० गोळ्या लागतात, साडेतीन बाटल्यांच्या वर. एका बाटलीची किंमत ऐकून स्वस्त वाटतं, महिन्याची बेरीज केली की वाटत नाही. २४० गोळ्यांची बाटली काढली तर बरोबर दहा दिवस जातील, महिन्याला तीन. इतकं साधं गणित कारखान्यात कोणालाच का सुचत नाही? शिवाय प्रत्येक वेळी मिरीएवढ्या काळ्या गोळ्या तळहातावर मोजत बसायचं. ऑफिसमध्ये दुपारची मात्रा मी कितीतरी वेळा याच कंटाळ्याने चुकवली.

म्हणून दुसरे प्रकार तपासले. माझ्या नेहमीच्या, अर्क दाट करून केलेल्या आठ गोळ्या म्हणजे ३ ग्रॅम कच्च्या औषधाइतक्या, दिवसाला ९ ग्रॅम. मधातली मोठी गोळी एकेक ९ ग्रॅमची, दिवसाला दोन. पण १०० ग्रॅम चूर्णाला ८० ते ११० ग्रॅम मध घालतात, त्यामुळे त्या १८ ग्रॅममध्ये औषध पुन्हा ९ ग्रॅमच्या आसपास, बाकी सगळा मध. साखर काठावर असताना मी तो का खाऊ? कमी मधाच्या बारीक गोळ्या मात्र चांगल्या निघाल्या. १०० ग्रॅम चूर्णाला मध ३५ ते ५० ग्रॅम, ६ ग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा. माझ्या बाटलीबरोबर मापाचं झाकण आलं, त्यामुळे मोजणी नाही आणि दुपारची मात्राही नाही. वैद्यबाईंना विचारून आता याच घेते. भांडण झालं त्या दुकानातून नाही.

परिणाम म्हणाल तर रात्रीचा घाम दुसऱ्या महिन्याच्या शेवटी स्पष्ट कमी झाला. पहाटेची कोरड जवळजवळ गेली. तळपायांची आग कमी आहे, पूर्ण गेलेली नाही. दिवसा अचानक गरम वाफ चढते तिच्यावर मात्र काहीही फरक नाही, आणि त्यासाठी मी गोळ्यांवर अवलंबून राहणार नाही, डॉक्टरांशी बोलले आहे. रात्रीचा चहाही याच काळात सोडला, त्यामुळे झोपेचं श्रेय वाटून द्यावं लागेल. एसीमुळे सर्दी-ताप आला तेव्हा गोळ्या बंद ठेवल्या. वेष्टनावरही तसंच लिहिलेलं असतं आणि ते पाळावं.

घ्यायचीच असेल तर आधी तपासण्या, मग नोंदणीकृत वैद्य, मग दुकान. ज्यांची जीभ पांढऱ्या जाड सायीची आहे, पोट कायम सैल आहे, त्यांनी मैत्रिणीला लागू पडली म्हणून ही बाटली घेऊ नये. आणि गल्ल्यावरच, पैसे देण्याआधी, बाटलीवरचं नाव बिलाशी ताडून घ्या, चिनी येत नसेल तर शेजारच्या गिऱ्हाइकाकडून वाचून घ्या. माझी पुढची रक्ततपासणी झाली की वैद्यबाई फक्त रात्रीची मात्रा ठेवणार आहेत.