क्रेट वॉशरमधले प्लास्टिक बुश: चौदा महिन्यांचा अनुभव

आमच्या डेअरीत (सांगली जिल्हा, नाव नको) दुधाचे क्रेट धुणारं मशीन आहे. आत ५५ ते ६० अंशांचं कॉस्टिक सोड्याचं पाणी, रोज सोळा तास. चेन ओढणारे वर-खाली दोन शाफ्ट, ४० मिलिमीटरचे, एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलचे. पूर्वी त्यांना गनमेटल या मिश्रधातूचे बुश होते; बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी. गरम पाण्यात ग्रीस धुऊन जायचं, बुश कोरडे पडायचे आणि स्वतः झिजताना शाफ्टलाही खायचे. दुसऱ्यांदा शाफ्ट बदलला तेव्हा ठरवलं, आता प्लास्टिक.

पहिल्यांदा कास्ट नायलॉन घेतलं. सगळे तेच वापरतात, लेथवर सुरेख कातलं जातं आणि तक्त्यात ताकद ८० मेगापास्कलच्या आसपास लिहिलेली. आता हसू येतं. एका बुशवर भार जेमतेम १५० किलो. ४० गुणिले ५० मिलिमीटर जागेवर तो वाटला तर पाऊण मेगापास्कल भरतो. म्हणजे ताकदीचा प्रश्नच नव्हता, आणि मी नेमका तोच आकडा बघून माल घेतला.

तिसऱ्या आठवड्यात मोटर ट्रिप, म्हणजे जास्त भाराने आपोआप बंद. बुशांनी शाफ्ट आवळून धरला होता. नायलॉन पाणी पितं: नुसत्या दमट हवेत अडीच-तीन टक्के, पाण्यात कायम राहिलं तर त्याच्या दुपटीहून जास्त. बाहेरून हाउसिंगने, म्हणजे बुश ज्यात ठोकून बसवतात त्या घराने दाबलेलं, मग फुगायला जागा फक्त आतल्या भोकात. शाफ्ट आणि बुशमधला ०.१५ मिलिमीटरचा क्लिअरन्स, म्हणजे मोकळी फट, केव्हाच संपला होता. टर्नर मानायलाच तयार नव्हता, ‘भोक मी बरोबर कातलंय’ म्हणे. बुश ठोकून काढला, बाहेरचा व्यास जवळजवळ अर्धा मिलिमीटर जास्त भरला, तेव्हा गप्प बसला. क्लिअरन्स वाढवून नायलॉन चालवता येतं, पण ते फुगेपर्यंत शाफ्ट खुळखुळतो आणि चेन दात सोडते.

मग दुकानदार म्हणाला, काच भरलेला नायलॉन घ्या, तो कमी फुगतो. खरं आहे, कमी फुगला. पण त्यातल्या काचतंतूंनी पंधरा दिवसांत शाफ्टवर ओरखडे पाडले. ३०४ काही कडक स्टील नव्हे. कंपोझिट म्हटलं की सगळ्याच बाबतीत सरस, हा माझा समज तिथे गेला.

आमचे जुने फिटर तात्या पूर्वी रोलिंग मिलमध्ये होते. ‘साहेब, कापडी बेकलाइट बसवा, कापडाचे थर फिनॉलिक राळेत चिकटवलेलं. मिलमध्ये नुसत्या पाण्यावर चालायचं.’ ‘तात्या, तिथे पाणी साधं होतं, इथे कॉस्टिक आहे,’ मी म्हटलं. तरी मान राखायचा म्हणून एक तुकडा कॉस्टिकच्या बादलीत टाकला. तीन आठवड्यांनी कडेचे थर सुटायला लागले. फिनॉलिकचं आणि अल्कलीचं जमत नाही. तात्यांनी तुकडा नखाने खरवडला आणि पुन्हा विषय काढला नाही.

पाचव्या महिन्यात ॲसिटल हे दुसरं प्लास्टिक आलं. त्याचे दोन प्रकार, होमोपॉलिमर आणि कोपॉलिमर. दुकानात कोणत्याही ॲसिटलला डेलरिन या होमोपॉलिमरच्या ब्रँडचंच नाव देतात, पण गरम कॉस्टिकसाठी मी मुद्दाम कोपॉलिमर मागितलं, त्यात ते होमोपॉलिमरपेक्षा टिकतं. पूर्ण भिजलं तरी पाणी एक टक्क्याच्या आत. ०.२५ मिलिमीटरचा क्लिअरन्स ठेवला, आजपर्यंत आवळलेलं नाही.

रॉड घेताना एक खबरदारी. नायलॉन, ॲसिटल, यूएचएमडब्ल्यू पॉलिथिन (फार लांब साखळ्यांचं चिवट पॉलिथिन), तिन्ही पांढरे, आणि मला एकदा एकाच्या जागी दुसरं मिळालेलं आहे. आता मी तुकडा साध्या पाण्यात टाकतो. तरंगला तर पॉलिथिन. बुडाला तर लिटरभर पाण्यात सव्वातीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाकतो: साधं नायलॉन वर येतं, ॲसिटल तळाशीच राहतं. घनता १.१५ आणि १.४१, मिठाचं पाणी दोन्हींच्या मधलं. गेटवरचा वॉचमन याला सत्यनारायण म्हणतो.

ॲसिटलचा दोष कळायला दोन महिने लागले. आमचं बोअरचं पाणी जड, टाकीत क्षार बसतात, म्हणून महिन्यातून एकदा नायट्रिक ॲसिड फिरवतो. ॲसिटलला ॲसिड सोसत नाही. टाकीत बुडालेल्या खालच्या शाफ्टचे बुश खडूसारखे पांढरट पडले, बोट फिरवलं की पावडर. वरच्या शाफ्टला तुषारच लागतात आणि नंतर तो लगेच धुतला जातो, तिथले बुश ठीक आहेत. नऊ महिन्यांत झीज ०.२ मिलिमीटर, शाफ्ट गुळगुळीत.

खाली मग यूएचएमडब्ल्यू बसवलं. ॲसिड, कॉस्टिक, दोन्हींची त्याला पर्वा नाही, पाणी पीत नाही, भारही पेलतो. पण मऊ असल्यामुळे नुसत्या दाबून बसवलेल्या बुशची पकड हळूहळू सुटते, म्हणून कॉलर ठेवून स्क्रू मारावे लागले. याच्या क्रेट सरकायच्या पट्ट्याही केल्या, आणि तिथे पुन्हा चुकलो. दोन मीटरची पट्टी दोन्ही टोकांना घट्ट आवळली. गरम पाणी सोडलं, पट्टी सेंटिमीटरभर वाढली आणि मध्ये कमान होऊन क्रेट अडकले. आता एक टोक पक्कं, बाकी सगळी भोकं लांबट.

पीक (PEEK) नावाच्या प्लास्टिकचाही भाव काढला होता. ३४३ अंशांना वितळणारं प्लास्टिक आमच्या साठ अंशांच्या पाण्यात घालायचं म्हणजे हौसच. मॅनेजरनी कोटेशन वाचलं, घडी घातली आणि मलाच परत दिलं.

सध्या वर ॲसिटल, खाली यूएचएमडब्ल्यू. खालचे स्क्रू मात्र दर महिन्याला बघावे लागतात. गेल्या आठवड्यात एक टाकीच्या तळाशी सापडला.