साच्याच्या नावाखाली गेलेले पैसे

द्राक्षबागेतील पानांवरचा ओलावा, हवेतील आर्द्रता आणि तापमान मोजून वेलींवर पडणाऱ्या केवडा रोगाचा धोका शेतकऱ्याच्या मोबाइलवर कळवणारे एक छोटे यंत्र आम्ही तिघांनी नाशिकमध्ये तयार केले होते. ते कारखान्यात बनवून घेण्यासाठी २०२१ मध्ये आम्ही लोकवर्गणीतून पैसे उभे केले. किकस्टार्टर या परदेशी मंचावर भारतात राहून प्रकल्प मांडता येत नव्हता, म्हणून देशातल्याच एका मंचावर आगाऊ नोंदणी घेतली. निफाड, दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंत भागातील बागायतदारांनी आणि पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलांनी यंत्राची किंमत आधीच भरली. या रकमेचा मोठा भाग एका मध्यस्थ उत्पादकाने कसा लाटला, ते येथे तपशिलाने लिहीत आहे. प्रकरण न्यायालयात असल्यामुळे त्याचे व त्याच्या पेढीचे नाव देत नाही. ज्या पद्धतीने हे घडले, ती पद्धत मात्र कोणत्याही नव्या उपकरणाच्या बाबतीत वापरता येण्याजोगी आहे.

यंत्राचा नमुना चालतो आणि यंत्राचे उत्पादन होते, या दोन गोष्टींमध्ये मोठे अंतर असते. आमच्या नमुन्याची पेटी थ्रीडी प्रिंटरवर छापलेली होती आणि आतला सर्किट बोर्ड आम्ही हाताने सोल्डर केला होता. अशी चारदोन यंत्रे बागेत टांगता येतात, परंतु हजार यंत्रे करायची असतील तर पेटीसाठी सहसा पोलादी साचा करावा लागतो, आणि प्लॅस्टिकचा एकही उपयोगी तुकडा हाती येण्यापूर्वी त्या साच्यावर काही लाख रुपये खर्च होतात. लोकवर्गणीचा पैसा सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त जातो तो येथेच. नाशिकमधल्या सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत साचे करणारे उत्तम कारागीर आहेत, पण त्यांची यंत्रे वाहन आणि विद्युत उद्योगाच्या कामात गुंतलेली असतात, आणि हजार पेट्यांची मागणी घेऊन येणाऱ्या नवख्यांना पुढची तारीख मिळते. त्यामुळे साचा राजकोटला, मोल्डिंग (साच्यात प्लॅस्टिक भरून पेट्या काढणे) वसईला आणि बोर्डांची जुळणी पुण्यात करून तयार माल दारात आणून देतो, असे सांगणारा माणूस भेटला, तेव्हा त्यात संशय घेण्याजोगे काही नव्हते. राजकोटला साचे होतात, वसईत मोल्डिंगचे कारखाने आहेत, आणि असे काम प्रामाणिकपणे करणारे मध्यस्थही पुष्कळ आहेत.

साच्याच्या पैशांच्या अटीही बाजारातल्या रीतीप्रमाणेच होत्या: निम्मी रक्कम मागणीबरोबर, तीस टक्के साच्यातून निघालेला पहिला नमुना पाहिल्यावर आणि उरलेली वीस टक्के अंतिम मंजुरीनंतर. या पहिल्या नमुन्याला धंद्यात टी-वन म्हणतात. हंगामाचा दबाव त्याला आमच्याइतकाच ठाऊक होता. नाशिक भागात फळछाटणी मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, आणि छाटणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पाने कोवळी असताना केवडा बाग धरतो. यंत्र त्यापूर्वी बागेत लागले नाही तर शेतकऱ्याला त्या वर्षी त्याचा उपयोग नाही. "छाटणीच्या आत डबा बागेत नाही लागला तर लोक तुम्हाला विचारतील, मला नाही," असे तो प्रत्येक बैठकीत हसत हसत सांगत असे. पैशांची घाई त्याची होती, पण ती नेहमी आमची म्हणून मांडली जात असे.

काही आठवड्यांनी टी-वन म्हणून पेटी आणि झाकणाचे दहा जोड आले. ते सुबक होते. कडा स्वच्छ होत्या, झाकण नेमके बसत होते, रबरी गॅस्केटसाठीची खाच एकसारखी होती, आणि पेटीवर पाणी मारले तरी आत थेंब जात नव्हता. सोबत एका मोठ्या पोलादी साच्याची छायाचित्रे होती. कराराप्रमाणे तीस टक्के रक्कम देय झाली आणि ती दिली गेली. आज विचार करता त्या नमुन्यात संशयास्पद असे काही असेल तर त्याचा निर्दोषपणाच. खऱ्या साच्यातून निघालेला पहिला तुकडा सहसा इतका नीट नसतो. कुठे जोडावर प्लॅस्टिक बाहेर आलेले असते, कुठे फासळीच्या मागे खळगा पडलेला असतो, कुठे कोपरा भरलेला नसतो. हे दोष पाहून साचा दुरुस्त करण्यासाठीच तर टी-वन काढतात.

पुढचा महिनाभर माल येतो आहे, साचा पॉलिशला गेला आहे, यंत्रावर दुसरे काम चालू आहे, अशी उत्तरे मिळत राहिली. मधल्या काळात पेटीला एक छोटा बदल करता येईल का, हे विचारण्यासाठी आम्ही अंबडमधील एका जुन्या टूलरूमच्या, म्हणजे साचे करणाऱ्या कार्यशाळेच्या, मालक काकांकडे तो नमुना घेऊन गेलो. काकांनी झाकण उलटे केले, खिडकीपाशी नेऊन आतली बाजू पाहिली आणि विचारले, "साहेब, याला गेट कुठंय?" गरम प्लॅस्टिक साच्यात जिथून शिरते, तिथे तुकड्यावर छोटासा व्रण राहतो; तो कुठेच नव्हता. तुकडा साच्याबाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे आतल्या बाजूला असावे लागतात, तेही नव्हते. उलट स्क्रू बसवण्याच्या खांबांवर अतिशय बारीक, एकावर एक चढलेल्या रेषा होत्या. थ्रीडी प्रिंटर थरावर थर छापतो तेव्हा अशा रेषा उमटतात, पोलाद कोरून केलेल्या साच्यात त्या येण्याचे कारणच नाही.

काकांनी आमच्या परवानगीने एका तुकड्याच्या कोपऱ्याला तापलेला सोल्डरिंग आयर्न लावला. आम्ही मागवलेले एबीएस प्लॅस्टिक तापले की मऊ पडते, वितळते आणि त्याची तार निघते. हा तुकडा वितळला नाही, काळा पडून करपला. तो पॉलियुरेथेन होता. कोणीतरी आमच्याच फाइलवरून एक पेटी छापून, बाहेरून घासून गुळगुळीत केली होती, तिच्याभोवती सिलिकॉनचा साचा ओतला होता आणि त्यात रेझिन भरून हे जोड काढले होते. या प्रकाराला व्हॅक्यूम कास्टिंग म्हणतात आणि ते स्वतः एक चांगले, उपयोगी तंत्र आहे; थोड्या नमुन्यांसाठी आम्हीही ते वापरले असते. सिलिकॉनचा असा साचा साधारण वीसएक तुकड्यांत थकतो आणि त्याचा खर्च पोलादी साच्याच्या तुलनेत किरकोळ असतो. तेव्हा पोलादाचे पैसे घेऊन आम्हाला सिलिकॉनचा माल दाखवला गेला होता. छायाचित्रांतला साचा दुसऱ्याच कोणत्या तरी वस्तूचा होता. त्याची पोकळी आमच्या पेटीशी जुळत नाही, हे काकांनी चित्र मोठे करून दाखवले.

बोर्डांची गोष्ट याच्याच जोडीने उघडकीला आली. २०२१ हे जगभर चिपच्या टंचाईचे वर्ष होते आणि आम्ही वापरत असलेल्या एसटीएम ३२ मालिकेतील साध्या मायक्रोकंट्रोलरची किंमत खुल्या बाजारात कित्येक पटींनी वाढली होती. त्या वाढीव दराने चिप घेतल्याचे सांगून त्याने फरकाची रक्कम वेगळी मागून घेतली होती. चाचणीसाठी आलेल्या बोर्डांवर आमचा प्रोग्राम चढेना, कारण प्रोग्राम चढवणाऱ्या सॉफ्टवेअरला चिपकडून अपेक्षित ओळखक्रमांक मिळत नव्हता. आम्ही निवडलेल्या अस्सल चिपचा तो क्रमांक १ ने सुरू होतो, आमच्या बोर्डांवरील चिपचा २ ने होत होता. ती दुसऱ्याच कंपनीची समतुल्य चिप होती आणि वर मूळ कंपनीचे नाव छापलेले होते. ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाने घासल्यावर वरचा काळा थर निघाला आणि खाली खरवडल्याच्या खुणा दिसल्या. समतुल्य चिप स्वतःच्या नावाने, स्वतःच्या दरात विकली तर त्यात गैर काही नाही. येथे ती अस्सल म्हणून, टंचाईच्या भावाने आमच्या माथी मारण्यात आली होती.

यानंतर कागद तपासले. साचा राजकोटहून वसईला आला असे त्याने लेखी कळवले होते. दुसऱ्या राज्यातून पन्नास हजारांहून अधिक किमतीचा माल रस्त्याने आणायचा तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीची जीएसटीतली नोंद लागते. त्याचा क्रमांक मागितल्यावर आधी टाळाटाळ झाली आणि मग फोन उचलणेच बंद झाले. त्याने दिलेल्या बिलांवर जीएसटी लावलेला होता, पण ती बिले आमच्या जीएसटीआर-२बी या खरेदीच्या बिलांच्या विवरणात कधी उतरलीच नाहीत, म्हणजे त्याने ती शासनाला दाखवलेलीच नव्हती. हे विवरण दर महिन्याला मिळते आणि पुरवठादाराचे विवरणपत्र भरलेले आहे की नाही हे जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, म्हणून माझ्या मते कोणत्याही शोभिवंत कंपनी-परिचयापेक्षा पुरवठादाराची ही एकच नोंद जास्त बोलकी असते. दुसरा हप्ता ज्या खात्यात मागवला गेला, त्या खात्याचे नावही बिलावरील नावाहून वेगळे होते. "आमचीच दुसरी पेढी आहे" असा त्याचा खुलासा होता.

आम्ही पोलिसांकडे गेलो तेव्हा पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे हाच आला की हा व्यवहारातला वाद आहे, मग दिवाणी न्यायालयात का जात नाही. माल वेळेवर दिला नाही, एवढ्यावर फसवणुकीचा गुन्हा उभा राहत नाही. पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावे लागते. येथे तो करपलेला तुकडा कामाला आला. साच्यातून निघालेला नमुना म्हणून खोटी वस्तू देऊन तिच्या बळावर हप्ता उकळला गेला होता, आणि तसे म्हणणारे त्याचे लेखी संदेश आमच्याकडे होते. उरलेले जोड आम्ही पंचांसमक्ष सीलबंद करून ठेवले. त्या वेळी लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली तक्रार दिली. १ जुलै २०२४ पासूनच्या फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागते. पैशांच्या वसुलीचा मार्ग निराळा आणि संथ आहे. तीन लाखांच्या किंवा त्यावरील व्यापारी दाव्यात तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थीची पायरी सक्तीची आहे. समोरचा मध्यस्थीला आला नाही आणि ती पायरी त्याच्या गैरहजेरीतच संपली.

आगाऊ पैसे भरणाऱ्यांना आम्ही नमुन्याची छायाचित्रे, बिले आणि तक्रारीची प्रत पाठवली. ज्यांनी परतावा मागितला त्यांना उरलेल्या रकमेतून आणि स्वतःच्या खिशातून तो हप्त्याहप्त्याने देत आहोत. पुष्कळ बागायतदारांनी मागितला नाही. एकाने मात्र ऐकवले की व्यापारी माल उचलून पैसे बुडवतो तेव्हा आम्हाला कोणी छायाचित्रे पाठवत नाही. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

नवा साचा अंबडमध्येच होतो आहे. त्याच्या करारात साच्याची मालकी आमची असल्याचे लिहिले आहे, साच्याच्या पोलादी पाटावर आमचा क्रमांक कोरला आहे, आणि दुसरा हप्ता नमुना पाहून नव्हे, तर साचा मोल्डिंग यंत्रावर चढलेला आणि त्यातून आमच्यासमोर अर्धवट भरलेले पहिले तुकडे निघालेले पाहून द्यायचा आहे. काकांनी या अटीला हरकत घेतली नाही. उलट त्या दिवशी दुपारी डबा घेऊन या, कारण वेळ लागेल, असे सांगितले.

संबंधित माणूस सध्या नातेवाइकाच्या नावाने काढलेल्या दुसऱ्या पेढीतून काम करतो आणि औद्योगिक प्रदर्शनांत नवउद्योजकांना गाठतो, असे आम्हाला दोन ठिकाणांहून कळले आहे. पेढीचा पॅन आणि जीएसटी क्रमांक नवा असल्यामुळे जुन्या नावावरून शोध घेऊन काही हाती लागत नाही. राजकोट, वसई आणि पुणे अशी साखळी सांगून कोणी आपल्याकडे आले असेल, तर त्याने दिलेला नमुना घेऊन कोणत्याही टूलरूममध्ये जावे आणि गेटचा व्रण व पिनांचे ठसे दाखवून मागावेत. या तपासणीला कोणताही अनुभवी कारागीर पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेत नाही.