दंडगोलांचा ठोकळा आणि एक पावसाळा

लेकीला साडेतीन वर्षे पूर्ण झाली तेव्हा माँटेसरी पद्धतीचा दंडगोलांचा लाकडी ठोकळा ऑनलाइन मागवला. चारांचा संच न घेता एकच घेतला, साडेनऊशे रुपयांना. उंचीने सारखे पण जाडीने कमी होत जाणारे दहा दंडगोल, प्रत्येकावर धरायला छोटी मूठ आणि ज्याच्या त्याच्या मापाचे दहा खळगे, एवढाच सगळा ऐवज. रंग नाहीत, आवाज नाही.

बारीक दंडगोल मोठ्या खळग्यात सहज जातो आणि लेक पुढे सरकते. पण शेवटी हातात एक जाडजूड दंडगोल उरतो आणि समोर रिकामा असतो करंगळीएवढा खळगा. तिथे ती थबकते, टेकवून पाहते, मग सगळे उपसून पुन्हा मांडायला घेते. चूक दाखवण्याचे काम मारिया माँटेसरी यांनी मोठ्यांकडून काढून साधनाकडे सोपवले, ते असे. "अगं, तो नाही, शेजारचा," असे सासूबाई पहिले चार दिवस सांगत होत्या, माझ्याही ओठांवर येत होतेच. पाचव्या दिवशी लेकीने "आजी, थांब, मला बघू दे" असे बजावले. ती डावखुरी आहे. जेवताना, प्रसाद घेताना "उजवा हात" हे शब्द ती किती वेळा ऐकते, ते ती ठोकळ्यापाशी बसली की जाणवते, कारण तीन बोटांनी मूठ धरणारा हात कोणता, याच्याशी त्या लाकडाला काही देणेघेणे नाही.

तक्रार एकच, पण मोठी. जुलैत लाकूड फुगले आणि सर्वांत बारीक दोन दंडगोल आपापल्या खळग्यात अर्धेच शिरू लागले. दुसऱ्या एखाद्या खेळण्यात हा दोष सोडून दिला असता. इथे बरोबर ठेवलेला दंडगोलही वरच राहतो, लेक स्वतःचेच चुकले असे समजून तो उपसते आणि मला मध्ये पडून "बरोबर आहे गं, दाब" म्हणावे लागते, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच हातचे जाते. विक्रेत्याने "उन्हात ठेवा" असे कळवले, ऐन आषाढात! शेवटी पॉलिश पेपरने घासून काम भागवले.

ठोकळा घ्यावा, पण पावसाळ्यात बसवून पाहून. चारांचा संच मी घेणार नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांच्या बालवाडीत महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया, पाने वापरली. आमच्याकडे सध्या वेगवेगळ्या मापांचे डबे आणि त्यांची झाकणे आहेत, फक्त स्वयंपाकाच्या वेळी हळदीच्या डब्याचे झाकण शोधत फिरावे लागते.